दिल्लीचं कमळ मंदिर: सासूबाईंना घेऊन जायचंय, आत नेमकं काय करायचं असतं?

शर्वरी_के

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं दिल्लीला जातोय. मी, हे, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट ही यादी झालीच आहे. एक दिवस मोकळा राहतोय, आणि त्या दिवशी बहाई धर्माचं उपासना मंदिर, म्हणजे सगळे ज्याला लोटस टेंपल म्हणतात ते, बघावं असं माझ्या मनात आहे. मुलाला आर्किटेक्चरला जायचंय, तो एका पायावर तयार आहे.

प्रश्न सासूबाईंचा आहे. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह दांडगा. रोज विष्णुसहस्रनाम म्हटल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांनी मला सरळ विचारलं, "मूर्ती नाही, गाभारा नाही, आरती नाही, मग मी हात जोडू कुणाला?" टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचंय. शिवाय दुसऱ्यांच्या प्रार्थनेच्या जागी आपण आपलं नाम घेतलं तर त्यांना खटकेल का, हा संकोचही आहे. मला काही नीट सांगता आलं नाही.

नणंद मागे एकदा जाऊन आली. तिचं म्हणणं, "रांगेत उभं राहून पाय दुखले, आत पाच मिनिटं बसलो आणि बाहेर आलो. बाग मात्र फार सुंदर." मला तर त्या बागेसाठीच जायचंय. धावपळीच्या आठवड्यात कुठेतरी तासभर शांतपणे चालावं, बसावं, एवढीच इच्छा.

तर कोणी नीट वेळ देऊन बघितलं असेल तर सांगा. चालावं बरंच लागतं का? गर्दी कधी कमी असते? आत काय करायचं असतं? आणि मुलाने नेमकं काय बघावं, म्हणजे नुसते फोटो काढून परत येणार नाही?

खडीचुना

शर्वरीताई, जरूर जा. आणि तासभर नको, अर्धा दिवस ठेवा.

मी सिव्हिलवाला. उभी हयात शटरिंग, सळई आणि काँक्रीटच्या भरणीत गेली. मुलगी दिल्लीत कालकाजीला राहते, तिच्याकडे गेलो की एक सकाळ या मंदिरासाठी राखून ठेवतो. घरात देवपूजा बायको करते, मी फारसा त्यातला नाही. पण त्या घुमटाखाली बसलं की मला जे वाटतं, ते दुसऱ्या कुठल्या बांधकामात वाटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नणंदबाईंचा अनुभव खरा आहे. सुट्टीच्या दिवशी असंच होतं. सगळ्यांची नजर समोरच्या पांढऱ्या पाकळ्यांवर असते, त्यामुळे बागेतून लोक नुसते पुढे सरकत राहतात. माझं म्हणणं असं की मंदिर फाटकापाशीच सुरू होतं. बाग म्हणजे इमारतीभोवतीची शोभा नाही, ती त्या शांततेच्या बांधकामाचाच भाग आहे. आत जी शांतता जाणवते तिची तयारी बाहेरच्या वाटेवर झालेली असते.

फाटकाबाहेर दिल्ली आहे. रिक्षा, हॉर्न, भेळवाले, फोटो काढून देणारे. आत पाऊल टाकलं की समोर लांबलचक सरळ वाट, दोन्ही बाजूंना एकसारखी कापलेली झुडपांची कुंपणं, त्यापलीकडे हिरवळ, आणि वाटेच्या टोकाला ते कमळ. एकूण जागा सुमारे २६ एकर. इमारत पहिल्या पावलापासून दिसते, पण जवळ यायला वेळ लागतो. या वेळातच मागचा आवाज हळूहळू विरत जातो. साइटवर आयुष्य गेल्यामुळे मला आवाजाची सवय आहे, तरी दर वेळी मधेच कुठेतरी लक्षात येतं की आपण बोलायचं थांबलोय. सासूबाईंना याच वाटेवर सावकाश चालू द्या, घाई करू नका. हिरवळीवर उतरायचं नसतं, वाट सोडायची नाही आणि खाण्याचे डबे उघडायचे नाहीत. पहिल्यांदा हे थोडं कडक वाटतं. पण एवढी माणसं रोज येऊनही ते गवत तसं राहतं ते यामुळेच.

या बागेबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. बांधकामाच्या खर्चातून जी बचत झाली, तिचा काही भाग त्यांनी काचेचं एक हरितगृह उभारण्यात घातला. कशासाठी, तर या मातीत आणि या हवेत इथली कुठली झाडं, कुठली फुलं चांगली येतील याचा अभ्यास करायला. मी कितीतरी इमारतींची कामं केली. बजेट हललं की सगळ्यात आधी कात्री लागते ती बागेला. पैसे उरलेत आणि ते झाडांच्या अभ्यासाला दिलेत, असं माझ्या पाहण्यात दुसरं उदाहरण नाही.

जागेचीही गोष्ट अशीच. जमीन घेतली १९५३ साली, आणि त्यातला मोठा वाटा सिंधमधल्या हैदराबादचे अर्देशीर रुस्तमपूर यांच्या पैशाचा. आयुष्यभराची सगळी पुंजी या कामाला द्यावी, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. वास्तुकार फरीबुर्झ साहबा हे इराणचे. १९७६ मध्ये त्यांच्याकडे काम आलं, १९८० ला बांधकाम सुरू झालं, २४ डिसेंबर १९८६ ला मंदिराचं समर्पण झालं आणि १ जानेवारी १९८७ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. म्हणजे पैसे देणाऱ्या माणसाने त्यातलं काही पाहिलं नाही. वाटेवरून चालताना मला त्यांची आठवण येते.

पुढे पायऱ्या लागतात. चप्पल-बूट काढून वर जायचं असतं. सासूबाईंना जाड मोजे द्या, डिसेंबरात तो दगड पायाला चांगलाच गार लागतो. (उन्हाळ्यात उलट, चटके बसतात.) गुडघ्यांचं खालीच एखाद्या स्वयंसेवकाला सांगा, ती मुलं फार अदबीने मदत करतात. देशोदेशीहून सेवा करायला आलेली असतात.

वर गेलात की लगेच दाराकडे वळू नका. नऊ तळी आहेत इमारतीभोवती, कमळाची पाण्यावर पसरलेली पानं असतात तशी. त्यांच्या कडेने शक्य तेवढी फिरा. मुलाला इथे थांबवा आणि विचारा, ही तळी कशासाठी? दिसायला सुंदर आहेत हे तर झालंच, पण इमारत गार ठेवण्याच्या योजनेत त्यांना काम आहे. बाहेरची हवा तळ्यांवरून, कारंज्यांवरून गार होऊन तळघरातून सभागृहात येते. आतली गरम हवा वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. धुराडं ज्या तत्त्वावर चालतं तेच हे तत्त्व. गर्दीच्या दिवसांत हवा फिरती ठेवायला घुमटात पंखे आहेत. दिल्लीच्या मे महिन्यात हजारभर माणसं आत बसलेली असताना हे सगळं चालवायचं, ही साधी गोष्ट नाही.

आता पाकळ्या. एकूण २७, नऊ-नऊच्या तीन फेऱ्या. सगळ्यात बाहेरच्या नऊ बाहेरच्या बाजूला उमलतात आणि नऊ दारांवर छत धरतात. मधल्या नऊ आत झुकून बाहेरचं दालन झाकतात. सगळ्यात आतल्या नऊ अर्धवट मिटलेल्या, त्यांच्या खाली मुख्य सभागृह. उंची ३४ मीटरच्या थोडी वर. लांबून वाटतं अखंड संगमरवर आहे. तसं नाही, सगळ्या पाकळ्या काँक्रीटच्या. वरचा संगमरवर ग्रीसमधल्या पेंटेली डोंगरातला. तो इटलीत नेऊन प्रत्येक तुकडा आपल्या जागेच्या वळणाप्रमाणे कापला आणि मग दिल्लीला आणला. इथे तो सिमेंटने चिकटवलेला नाही, स्टेनलेस स्टीलच्या खास बनवलेल्या पकडींवर बसवलाय. मुलाला म्हणावं, जवळच्या एका पाकळीवर दोन तुकड्यांमधली फट शोध आणि नजरेने तिच्या मागोमाग वर जा. ती फट कुठे वाकते, पाकळीच्या कडेला कशी मिळते, हे बघत राहिलं की कागदावरची भूमिती समजायला लागते. गोल, दंडगोल, शंकू हे शाळेत शिकलेले आकारच एकमेकांना छेदून हे वळण तयार झालंय.

आणि ज्या गोष्टीसाठी मी पुन्हा पुन्हा जातो ती आत आहे. आतल्या बाजूने पाकळ्यांना संगमरवर नाही. उघडं पांढरं काँक्रीट आहे, वरचा थर हातोड्याने ठोकून ठोकून खरबरीत केलेला. वर बघा, बरगड्या एकमेकींना छेदत माथ्याकडे जाताना दिसतील. त्या खरबरीत पृष्ठभागावर उजेड पडला की तो चमकत नाही, पसरतो. डोळ्याला कुठे टोचत नाही.

हे काँक्रीट कसं झालं ते ऐका. पांढरं सिमेंट कोरियाचं, डोलोमाइटची खडी अलवरची, पांढरी वाळू जयपूरची. सळया गॅल्व्हनाइज केलेल्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, कारण नंतर गंजाचा एक डाग जरी पांढऱ्यावर फुटला तरी तो कायमचा. एक पाकळी भरायला घेतली की सुमारे ४८ तास भरणी अखंड चालायची. मधे थांबलं तर जोड दिसणार, आणि पाकळीवर जोड चालणार नाही. उन्हाळ्यात काँक्रीट तापू नये म्हणून मिश्रणात बर्फ घालायचे. आणि तो सगळा माल वर कोणी नेला? बायकांनी. डोक्यावर टोपल्या घेऊन, बांधलेल्या जिन्यांवरून, रात्रंदिवस पाळ्यांमध्ये. ठेकेदार एल अँड टी, रचनेचे इंजिनिअर इंग्लंडचे, आणि काँक्रीट इथल्या बायकांच्या डोक्यावरून वर गेलेलं. ज्याने कधी रात्रभर स्लॅबची भरणी करून घेतली आहे त्याला ४८ तास म्हणजे काय ते कळेल. मी वर बघतो तेव्हा मला त्या दिसतात. अमुक पाकळी अमुक बाईने भरली असं कुठे लिहिलेलं नाही, पण एकाही पाकळीवर जोड दिसत नाही हीच त्यांची सही.

एकदा माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. साधे कपडे, हाताला घट्टे. सगळे डोळे मिटून बसलेले आणि ते मात्र मान मागे टाकून एकटक वर बघत होते. बाहेर चपला घालताना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, इसका फर्मा कैसे बनाया होगा?" सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचे साचे उभारणारे सुतार निघाले, बिहारचे. मग आम्ही तिथेच उभ्या उभ्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत बोलत राहिलो. त्यांनी मला दोन शंका अशा विचारल्या की माझ्याबरोबरच्या किती इंजिनिअरांना सुचल्या नसत्या. शेवटी म्हणाले, आता गावाकडून बायकोला घेऊन येणार. मला वाटतं तेही आपल्या परीने प्रार्थनाच करत होते.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इथे माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत. मी एवढंच सांगतो, आत बसलेल्या माणसाला मी तरी कुणी उठवताना पाहिलेलं नाही. पाच मिनिटांत लोक आपणहून उठतात. त्या बसतील तेवढं बसू द्या.

व्यवहाराचं: सोमवारी बंद. तिकीट नाही. मेट्रोचं कालकाजी मंदिर स्टेशन जवळ पडतं, तिथून चालत किंवा ई-रिक्षाने. डिसेंबरात सकाळी धुकं असलं तर पांढरं मंदिर पांढऱ्या धुक्यात हरवतं, आणि थंडीत संध्याकाळी लवकर बंद करतात. म्हणून साडेदहा-अकराच्या सुमाराला पोचा. रविवार आणि नाताळ ते एक जानेवारी हे दिवस टाळता आले तर टाळा. तुमचा आठवडा नेमका तोच दिसतोय, तेव्हा निदान मधला वार निवडा.

टेबललँड

शर्वरीताई, मी बहाई आहे. माझं शिक्षण पाचगणीला झालं, तिथे १९४५ पासून बहाईंनी सुरू केलेली शाळा आहे, त्यामुळे महाराष्ट्राशी आमचं नातं जुनं. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण तो अगदी योग्य प्रश्न आहे.

त्यांना सांगा, तिथे त्यांनी आपलंच नाम घ्यायचं. संकोच अजिबात नको. हे मंदिर फक्त बहाईंसाठी बांधलेलंच नाही. नऊ बाजू आणि नऊ दारं आहेत, कुठल्याही धर्माच्या, किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाने कुठूनही यावं. आमच्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह (१८१७ ते १८९२, जन्म तेहरानचा, अखेर आजच्या इस्रायलमधल्या अक्काजवळ हद्दपारीत) यांची शिकवण अशी की ईश्वर एकच, आणि वेगवेगळ्या काळी त्याने वेगवेगळे मार्गदर्शक पाठवले. श्रीकृष्ण, बुद्ध, जरथुष्ट्र, मोझेस, येशू, महंमद पैगंबर या सगळ्यांना आम्ही मानतो. विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या बाई तिथे परक्या कशा असतील?

फक्त ते मनातल्या मनात म्हणायचं. सभागृहात मोठ्याने कुणीच बोलत नाही. अपवाद ठरलेल्या वेळच्या प्रार्थनेचा. दिवसातून काही वेळा छोटी प्रार्थनासभा होते, तेव्हा वेगवेगळ्या धर्मग्रंथांतले उतारे वाचतात किंवा गातात. प्रवचन नसतं, कारण आमच्यात पुरोहितच नाहीत, आणि एका माणसाने बाकीच्यांना अर्थ समजावून सांगावा असं मंदिरात ठेवलेलंच नाही. वाद्यं नसतात. नुसता माणसाचा आवाज. खडीचुनाकाकांनी उजेडाचं लिहिलंय तसं त्या घुमटात आवाजाचंही आहे, एक साधा आलाप वर जातो आणि बराच वेळ खाली येत नाही. दारावरच्या स्वयंसेवकांना पुढच्या सभेची वेळ विचारा आणि त्याप्रमाणे आत जा. सभा थोडक्यात आटोपते, गुडघ्यांना त्रास होणार नाही. बसायला बाकं आहेत, खाली बसावं लागत नाही.

मूर्ती, तसबीर, समई, वेदी यातलं काही नाही. हात जोडायचे तर डोळे मिटून जोडावेत. आत दर्शनाची रांग नसल्यामुळे "पुढे चला, पुढे चला" असं कुणी म्हणत नाही.

आणखी एक. सासूबाई दक्षिणा टाकायला पेटी शोधतील, माझी आजी शोधायची. आम्ही बहाई निधीसाठी फक्त बहाईंकडूनच देणगी घेतो. ती बाग, ती तळी, ती रोजची झाडलोट हे सगळं बहाईंच्या स्वेच्छेच्या पैशातून पाहुण्यांसाठी चालतं. त्यांनी पाहुणी म्हणूनच यावं, आणि आम्हाला त्यातच आनंद आहे.

आत फोटो काढायचे नाहीत आणि फोन बंद ठेवायचा, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. दाराबाहेर स्वयंसेवक प्रत्येक गटाला थांबवून हिंदी-इंग्रजीत हे सांगतातच. त्या दोन-तीन मिनिटांत बरेच लोक चुळबूळ करतात. पण मी त्या दाराशी सेवा केलेली आहे, आणि तिथे नीट उभं राहून ऐकणारा माणूस आत गेल्यावर वेगळा बसतो हे मी पाहिलंय.

बंदरवारा

बागेचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी जहाजावर होतो, इस्रायलमधल्या हैफा बंदरात आमचं जहाज लागायचं. बंदरातून वर पाहिलं की कार्मेल डोंगराच्या उतारावर बहाईंची बाग दिसते, मधोमध सोनेरी घुमट. पुष्कळ लोक दिल्लीचं मंदिर आणि ते एकाच प्रकारचं समजतात. तो घुमट म्हणजे बाब यांची समाधी आहे, उपासना मंदिर नव्हे. बहाउल्लाहांच्या आधी आलेले बाब, १८५० मध्ये तबरीझला त्यांना गोळ्या घालून मारलं. तिथली बाग मात्र दिल्लीच्या त्याच साहबांची. समाधीच्या वर नऊ, खाली नऊ आणि समाधीची एक, अशा १९ गच्च्या, डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत. २००१ मध्ये खुल्या झाल्या, आणि २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतल्या.

आम्ही काही जण सुट्टी मिळाली की वर जायचो. इंजिनरूममध्ये राहिलेल्या माणसाच्या कानात सतत घरघर असते. तिथे पायऱ्यांच्या दोन्ही कडांनी पाण्याचे पाट खाली वाहतात, आणि त्या आवाजात शहराचा आवाज बुडून जातो. मला पहिल्यांदा कळलं ते हे, की शांतता म्हणजे आवाज नसणं असं नाही. मधल्या भागात एकेक झुडूप पट्टी लावून कापल्यासारखं, आणि बाजूला जाल तसतशी बाग मोकळी होत जाते, कडेला तर झाडं आपली आपण वाढलेली, पक्ष्यांना जागा राहील अशी. खडीचुना म्हणतात ते मला पटतं. बाग शोभेसाठी नाही केलेली, माणसाला समाधीपर्यंत नेण्यासाठी केलेली आहे.

दिल्लीच्या मंदिराचं मी बाहेरूनच दर्शन घेतलंय, सोमवार निघाला म्हणून. तेव्हा वाराचं तेवढं लक्षात ठेवा.

शर्वरी_के

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. नाम मनात घेतलेलं चालतं हे ऐकून त्या एकदम निर्धास्त झाल्या. देणगी घेत नाहीत हे मात्र त्यांना दोनदा वाचून दाखवावं लागलं. काँक्रीट वाहणाऱ्या बायकांचं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे हात कुणाला जोडायचे ते कळलं." मग बराच वेळ त्याच गोष्टी. त्यांच्या लहानपणी धरणाच्या कामावर त्यांची मावशी माती वाहायला जायची, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

बुधवार ठरवलाय. अकराला पोचायचं, बारानंतर जी प्रार्थनासभा असेल तिला बसायचं, आणि नंतर बागेत सावकाश. मुलाचा एक प्रश्न आहे, काका: पाकळ्यांचं बांधकाम चालू असतानाचे फोटो किंवा नकाशे तिथे कुठे बघायला मिळतात का? आणि जगात बहाईंची अशी आणखी मंदिरं कुठे आहेत, ती सगळी कमळासारखीच असतात का?

खडीचुना

आवारातच माहिती केंद्र आहे, २००३ पासून. तिथे नक्की जा. मंदिराचं आणि बहाई धर्माचं प्रदर्शन आहे, बांधकामाबद्दल तिथेच विचारा. पण आधी इमारत बघून घ्या आणि मग तिकडे वळा, म्हणजे मुलाच्या डोक्यात स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतील.

दुसऱ्या प्रश्नाचं: कमळ एकच, दिल्लीचं. नऊ बाजू सगळीकडे, बाकी रूप प्रत्येक ठिकाणी निराळं. पहिलं मंदिर अश्गाबादला होतं, आजच्या तुर्कमेनिस्तानात. १९४८ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं आणि १९६३ मध्ये पाडलं. आता उभ्या असलेल्यांत सगळ्यात जुनं शिकागोजवळ विल्मेटला, १९५३ चं, त्याच्या काँक्रीटवर लेससारखं नक्षीकाम आहे. कंपाला आणि सिडनीची १९६१ ची. २०१६ मध्ये चिलीत सांतियागोला झालेलं मुलाने नक्की शोधून बघावं. तिथेही नऊ पाकळ्याच आहेत, पण बाहेरून ओतीव काचेच्या आणि आतून अर्धपारदर्शक संगमरवराच्या. म्हणजे दिल्लीत उजेड पाकळ्यांच्या मधून येतो आणि तिथे पाकळीतूनच. दोन्हींचे छेद शेजारी शेजारी काढून बघ म्हणावं, प्रवेश परीक्षेच्या क्लासपेक्षा जास्त शिकेल.

आणि ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मावशी कुठल्या धरणावर होत्या तेही विचारून कळवा. माझी नोकरी धरणाच्याच कामावर सुरू झाली होती.